खड्डा डावीकडे

सायकलिंगच्या पहिल्या वर्षात मी जितक्या माणसांच्या पाठी पाठ केल्या, तितके चेहरे काही लक्षात ठेवले नाहीत. कॅप्टनच्या जर्सीच्या मधल्या खिशात कायम एक केळं असायचं आणि ते कायम अर्धं बाहेर आलेलं असायचं. आमच्यातली एक दातांची डॉक्टर आहे. तिच्या जर्सीची शिवण डाव्या खांद्याखाली उसवलेली होती, ती तिने वर्षभर शिवली नाही. काकांच्या पाठीवर घामाचा नकाशा उमटायचा. खेड शिवापूरपर्यंत श्रीलंका, शिरवळपर्यंत ऑस्ट्रेलिया. ही माणसं हेल्मेट आणि गॉगल काढून भाजीच्या गाडीवर समोर आली असती तर मी ओळखलं नसतं. पाठमोरी चालत गेली असती तर मात्र शंभर मीटरवरून हाक मारली असती.

२०२० च्या लॉकडाउननंतर अर्ध्या पुण्याने सायकली घेतल्या, त्यात मीही एक. आधी विद्यापीठाच्या आसपास, मग पाषाण, मग एनडीए रस्ता. तीन महिन्यांत दोन गोष्टी कळल्या. एक, चाळीस किलोमीटरच्या पुढे माझे पाय संप पुकारतात. दोन, पहाटे पाचला सायकलवर एकटी मुलगी दिसली की काही स्कूटरवाल्यांना शेजारून चालवत तिच्याशी गप्पा माराव्याशा वाटतात. ऑफिसातल्या एकाने मला त्याच्या ग्रुपमध्ये ॲड केलं. ‘संडे शिवापूर, ५.३० शार्प, हेल्मेट मस्ट’ असा पहिला मेसेज आला आणि त्याखाली तेवीस अंगठे.

त्या रविवारी कॅप्टनने मला स्वतःच्या मागे घेतलं. म्हणाला, “माझ्या मागच्या चाकापासून एक हात अंतर ठेव. चाकाकडे बघू नकोस, माझ्या कमरेकडे बघ. आणि ब्रेक एकदम दाबायचा नाही, काहीही झालं तरी.” मी घाबरत घाबरत जवळ गेले. तीन हात, दोन हात. एका हातावर आले आणि वारा बंद झाला.

हे सांगून कळत नाही, तरी सांगते. तासभर कानात घोंघावणारा आवाज एकदम बसला. पाय तेच, रस्ता तोच, पण कोणीतरी पाठीवर हात ठेवून ढकलतंय असं वाटलं. सायकलच्या कॉम्प्युटरवर आकडा बघितला तर २९. एकटी असताना मला २४ च्या वर टिकता येत नव्हतं.

त्यामागचं विज्ञान मी नंतर वाचलं. सपाट रस्त्यावर तिशीच्या वेगाला गेलात की तुमची बहुतेक ताकद फक्त हवा बाजूला सारण्यात जाते. आणि हवेचा हिशोब सावकारी आहे: वेग दुप्पट करायचा तर हवेला कापायला आठपट ताकद लागते. ती हवा पुढच्या माणसाने आधीच फोडलेली असेल तर मागच्याची साधारण एक तृतीयांश मेहनत वाचते. मोठ्या जथ्यात तर कहरच. बर्ट ब्लोकेन नावाच्या प्राध्यापकांच्या चमूने २०१८ साली १२१ सायकलस्वारांच्या जथ्याचा अभ्यास केला, विंड टनेलमध्ये आणि कॉम्प्युटरवर. मध्यावर, मागच्या बाजूला असलेल्या सायकलस्वाराला लागणारा हवेचा अडथळा एकट्याच्या तुलनेत ५ ते १० टक्के एवढाच निघाला. पोटात बसणं म्हणतात ते हेच. गंमत म्हणजे मागे कोणी चिकटून असेल तर पुढच्यालाही किंचित फायदा होतो, कारण त्याच्या पाठीमागे तयार होणारा हवेचा भोवरा मोडतो. हा फायदा अगदीच थोडा असतो, पण असतो.

या सुखाची किंमत एकच: समोरचा रस्ता दिसत नाही. एका हातावर दुसऱ्याचं चाक असताना मध्ये दिसेल असं उरतं काय? म्हणून ग्रुपमध्ये पुढचा माणूस मागच्यांचे डोळे होतो. खड्डा आला की तो त्या बाजूचा हात खाली करून बोट दाखवतो आणि ओरडतो. त्याच्या मागचा तेच करतो, मग त्याच्या मागचा. ‘खड्डा डावीकडे!’ हा शब्द चौदा सायकलींवरून उड्या मारत शेपटापर्यंत जातो. उभी असलेली रिक्षा आली की हात पाठीमागे नेऊन हलवायचा, म्हणजे मागच्यांनी त्या बाजूला सरकायचं. कोपर झटकलं की ‘मी दमलो, आता तू पुढे ये’. ब्रेकर, खडी, वाळू, कुत्रा, मागून ट्रक. आमच्याकडे ‘आजी!’ अशीही एक आरोळी होती. ती रस्ता ओलांडायच्या बेतात असलेल्या कोणत्याही वयाच्या माणसासाठी चालायची.

हे काही लिहून ठेवलेलं नसतं. पण इतकं पक्कं असतं, की आठवडाभर ग्रुपमध्ये राजकारणावरून एकमेकांची तोंडं न बघणारे दोघे रविवारी एकमेकांच्या चाकामागे डोळे मिटल्यासारखे जातात. मला याचं फार अप्रूप होतं. मिसळीच्या टेबलावर मात्र हेच लोक सहन होत नाहीत. कार्बन फ्रेम, कोणाची किती ग्रॅमने हलकी, कोणाचा एफटीपी किती. ज्याला हे सगळं येतं तो बहुधा चढावर सर्वांत मागे असतो, हे निरीक्षण मी माझ्या जबाबदारीवर नोंदवते.

काका या चर्चेत नसायचे. वय बासष्ट, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त, स्टीलची फ्रेम असलेली जुनी सायकल. ते इतरांच्या सायकली उलट्या करून चाकं फिरवत बसायचे आणि वाकडं चाक दिसलं की स्पोक-की काढायचे. “चाक बोलतं गं. ऐकायला पायजे,” म्हणायचे. माझ्या हायब्रिडचं मागचं चाक त्यांनी इतक्या वेळा सरळ केलं, की शेवटी मी रोड बाइक घेतली तेव्हा मला सर्वांत आधी त्यांना दाखवावीशी वाटली. त्यांनी चाक फिरवलं, कान लावला, आणि म्हणाले, “ही अजून मुकी आहे.”

त्या हिवाळ्यात मी पहिली रेस केली. पुण्याबाहेर, चाळीस किलोमीटर. महिलांच्या गटात आम्ही सहाच जणी होतो, म्हणून आम्हाला पुरुषांबरोबरच सोडलं. पाठीवर सेफ्टी पिनांनी नंबर लावला होता. त्यातली एक पिन दोन तास टोचत होती आणि मी दोन तास तिला शिव्या देत होते. सुरुवातीचे दोन-तीन किलोमीटर पुढच्या मोटारीच्या मागे सगळे गप्पा मारत गेले. मोटार बाजूला झाली आणि कोणीतरी पिशवीतून कबुतरं सोडावीत तसे पुढचे पन्नास जण उडाले.

मी बारा किलोमीटर टिकले. रेसमध्ये जथ्यातून सुटणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. ते हळूहळू होतच नाही. एका वळणानंतर सगळे उभे राहून जोर लावतात. तुमच्या आणि पुढच्याच्या चाकात एका हाताचे तीन हात होतात. तीन हात म्हणजे पुन्हा वारा. वारा म्हणजे पाच हात, पंधरा हात. अर्ध्या मिनिटापूर्वी तुम्ही ज्यांच्या खांद्याला खांदा लावून होतात ते लोक शंभर मीटरवर असतात आणि त्यातला एकही जण मागे वळून बघत नाही. रेस आहे, का बघतील?

मग माझ्यासारखेच गळालेले तिघे भेटले. एक कॉलेजचा मुलगा, एक फौजी असावा असा दिसणारा आणि एक मिशाळ गृहस्थ. नावं विचारली नाहीत. फौजीने फक्त हाताने गोल करून दाखवलं, की एकेक मिनिट पुढे. आम्ही पंचवीस किलोमीटर तसे गेलो. मिशाळ गृहस्थ एकदाही पुढे आले नाहीत. दर वेळी त्यांची पाळी आली की त्यांना खोकला यायचा. शेवटच्या दोनशे मीटरवर खोकला बरा झाला आणि ते आम्हाला मागे टाकून गेले, अडतिसाव्या नंबरासाठी. फौजी इतका हसला, की त्याची सायकल हेलपाटली. मी महिलांत चौथी आले. मला आजही त्या रेसमधलं फौजीचं बोट जास्त आठवतं. धाप लागलेली, रेस चालू, आणि तरी प्रत्येक खड्ड्याला त्याचं बोट खाली जायचंच. आम्हाला पाडून त्याचाच नंबर वर गेला असता.

हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं सांगायचं आहे.

पुढच्या वर्षीची गोष्ट, ऑगस्ट संपत आला होता. आम्ही चौदा जण सातारा रस्त्याने शिरवळच्या पुढपर्यंत जाऊन परत येत होतो. पाऊस रात्री पडून गेलेला, सकाळ कोरडी, खड्ड्यांत पाणी. नीरेवरचा सारोळ्याचा पूल ओलांडला आणि कॅप्टनने कोपर झटकलं. त्याच्या मागे मी होते. म्हणजे मी पुढे यायचं. परतीच्या वाटेवर, सगळे दमलेले असताना, चौदा जणांना ओढत न्यायची माझी ही पहिलीच वेळ. कॅप्टन बाजूला होऊन शेपटाकडे गेला. माझ्या मागे डॉक्टर, तिच्या मागे काका, त्यांच्या मागे बाकीचे.

मी कॉम्प्युटरकडे बघितलं. ३१. आणखी थोडं दाबलं. ३३. ऊर फुटायची पाळी आली होती, पण मागून कोणीतरी “वाह!” म्हणालं आणि ते मला ऐकू आलं.

खड्डा मला दिसला. हे वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली. चांगला पंधरा-वीस मीटरवरून दिसला. परातीएवढा, गढूळ पाण्याने भरलेला, डांबराच्याच रंगाचा. ३३ च्या वेगाला पंधरा-वीस मीटर म्हणजे फार तर दोन सेकंद. दोन सेकंदांत ‘खड्डा’ म्हणून होतं. पण ओरडायला श्वास सोडावा लागतो, आणि मी ओरडले असते तर माझी धाप मागच्यांना ऐकू गेली असती. एवढंच. हँडलवरचा हात सोडायची भीती वाटली वगैरे कारणं मी नंतर तयार केली. त्या क्षणी डोक्यात फक्त हे होतं, की मला किती दम लागलाय हे कोणाला कळू नये.

मी शेवटच्या क्षणी सायकल उजवीकडे घेतली. डॉक्टर अगदी चिकटून होती, ती माझ्याबरोबर वळली. काकांना वळायला जागाच उरली नव्हती.

मागे पडण्याचा आवाज धडाम असा नसतो. आधी खरखर येते, मग प्लास्टिकचं काहीतरी तुटतं, मग शिव्या.

दोघे त्यांच्यावर आदळता आदळता वाचले. काका कुशीवर पडले होते, उजवा हात पोटाशी धरून. हेल्मेट चिरलं होतं. शुद्धीवर होते. कॅप्टन पळत आला, कोणी ट्रॅफिक अडवला, कोणी गाडी थांबवली. काका एकच गोष्ट विचारत होते, “चाक बघा रे. चाक वाकलंय का?” गळपट्टीचं हाड मोडलं होतं. नंतर प्लेट आणि सहा स्क्रू.

२०२१ च्या तूर द फ्रान्सच्या पहिल्याच दिवशी रस्त्याच्या कडेच्या एका बाईने कॅमेऱ्यासाठी पुठ्ठ्याची पाटी पुढे धरली, त्यावर टोनी मार्टिन आदळला, आणि मागचे डझनावारी खेळाडू रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकमेकांवर कोसळले. तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. त्या जथ्यात मध्यावर असलेल्या कोणालाच पाटी दिसली नव्हती. त्यांना समोरची पाठ दिसत होती, आणि मग ती दिसेनाशी झाली. अपघातानंतर मी तो व्हिडिओ वीस-पंचवीस वेळा बघितला असेल. दर वेळी पुढच्यांकडे न बघता सातव्या-आठव्या ओळीतल्या कोणाकडे तरी.

संध्याकाळी ग्रुपवर मेसेज सुरू झाले. ‘गेट वेल सून काका’, हात जोडलेल्या इमोजी, आणि मग रस्त्यावर घसरणं. टोल घेतात, रस्ते बघा. कंत्राटदार कोण आहे शोधा. फोटो टाका, टॅग करा. कोणी म्हणालं, ग्रुप राइडमध्ये असं होतंच, कोणाची चूक नाही. कॅप्टनने मला वेगळा मेसेज केला: ‘टेन्शन घेऊ नको, तू मस्त ओढत होतीस.’

आणि ग्रुपवर मीही लिहिलं. ‘खरंच, काय रस्ते आहेत हे. कोणीतरी जबाबदारी घ्यायला हवी.’

सतरा अंगठे आले.

मी शहाळी घेऊन त्यांच्या घरी गेले. काकू म्हणाल्या, “आता ती सायकल भंगारात घालते का नाही बघ.” काका खुर्चीत बसून डाव्या हाताने चहा पीत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, “चाक वाचलं. दोनच स्पोक गेले.” मी काहीच बोलले नाही. शहाळं सोलून दिलं, ऑफिसातल्या गमती सांगितल्या आणि निघाले.

त्यानंतर मी ग्रुपबरोबर गेले नाही. म्युट केला. विचारलं की कामाचं कारण द्यायचे. पण सायकल सोडवत नव्हती, म्हणून ब्रेव्हे करायला लागले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ब्रेव्हे, म्हणजे बीआरएम, हा लांब पल्ल्याचा प्रकार. मूळ फ्रान्सचं; तिकडे १८९१ साली पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस सुरू झालं, आता ते दर चार वर्षांनी होतं, १२०० किलोमीटर, जास्तीत जास्त ९० तास. आपल्याकडे २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. ही रेस नसते, निकालात नंबर नसतात. वेळेत पोचलात तर पोचलात. वाटेत पंक्चर झालं तर तुमचं तुम्ही बघायचं. पोचल्याचा पुरावा म्हणून कार्डावर शिक्का घ्यायचा, आणि शिक्का मारायला कोणी नसेल तिथे एटीएमची स्लिप नाहीतर टपरीचं बिल. माझ्याकडे वीस रुपयांच्या चहाची तारीख-वेळ घातलेली बिलं आहेत, ती मी डिग्रीसारखी जपून ठेवलीत.

मला हेच हवं होतं. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. माझा खड्डा माझ्यापुरता.

२०० झालं. मग ३००, त्यात रात्र आली. एकट्या बाईने रात्री हायवेवर सायकल चालवण्याबद्दल मी शूरपणाचं काही लिहिणार नाही. भीती वाटते. मागचा दिवा लागलाय ना हे मी दर पाच मिनिटांनी वळून बघत होते. ढाब्यावर थांबले की आधी कोणत्या टेबलावर कुटुंब बसलंय ते शोधायचे. त्या रात्री मला ग्रुपची जितकी आठवण आली तितकी कधी आली नाही, त्या कार्बनच्या गप्पांसकट. पुढे खूप लांब कोणाचा तरी लाल दिवा दिसत होता. तो दिसतोय तोवर बरं वाटायचं. मी त्याला गाठायचा प्रयत्न करत नव्हते आणि त्याला मागे पडू देत नव्हते.

अडीचच्या सुमाराला हेडलाइटच्या उजेडात एक खड्डा आला. मी तो चुकवला, डावा हात खाली गेला, आणि मी पूर्ण ताकदीने ओरडले, “खड्डा डावीकडे!”

मागे दोन-तीन किलोमीटर चिटपाखरू नव्हतं. कुठेतरी एक कुत्रा भुंकला तेवढंच.

पुढच्या वर्षी आषाढी जवळ आली आणि काकांचा फोन आला. पुण्याहून पंढरपूरला सायकलने जाणारे बरेच गट असतात, आमच्या ग्रुपचाही बेत होता. “येतेस का?” म्हणाले. “मी जातोय. पण मला आता घोळक्यात जमत नाही गं. कोणी जवळ आलं की हात थरथरतो. मी शेवटी राहणार. शेवटी कोणीतरी सोबत लागतं.” मी हो म्हणाले. नाही कसं म्हणणार?

हडपसरहून पहाटे निघालो. पन्नासेक जण, बहुतेकांनी कपाळाला बुक्का लावलेला, पुढच्या टेम्पोवर भोंगा. वारीची एक गोष्ट सायकलवरही लागू होते: त्या दोन दिवसांत सगळे माउली. कॅप्टन माउली, पंक्चर काढणारा माउली, ओव्हरटेक करून शिवी घालणारा ट्रकवालाही माउली. ‘माउली, ब्रेकर!’ ‘माउली, खडी!’ आरोळ्या पुढून यायच्या आणि आमच्यापर्यंत येऊन संपायच्या, कारण आमच्या मागे कोणी नव्हतं. काका पुढच्यापासून दहा-बारा हात अंतर ठेवून चालले होते. मी त्यांच्या मागे. त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा किंचित खाली आला होता. घामाचा नकाशा त्यामुळे तिरका उमटला होता. मला ऑस्ट्रेलिया ओळखायलाच आली नाही.

उरुळी, यवत, पाटस. पश्चिमेचा वारा पाठीवर होता, त्यामुळे पहिला दिवस सोपा गेला. भिगवणला उजनीचं पाणी बघत भजी खाल्ली. मुक्काम इंदापूरला. तिथे सतरंजीवर बसून काका दुसऱ्याच कोणाचं चाक फिरवत होते आणि मी शेजारी बसले. आजूबाजूला लोक पायांना तेल चोळत होते. मी म्हणाले, “काका, मला तो खड्डा दिसला होता.”

ते चाक फिरवत राहिले. “माहितीय,” म्हणाले.

“म्हणजे?”

“तुझी मान हलली ना. मी डॉक्टरच्या खांद्यावरून तुझं हेल्मेट बघत होतो. मान हलली तेव्हाच म्हटलं, काहीतरी आहे. पण म्हटलं, असतं तर ओरडली असती.” त्यांनी स्पोक-कीने अर्धा आटा फिरवला. “ओरडली नाहीस, म्हणजे कागद-बिगद असेल.”

मला वाटत होतं ते रागावतील, नाहीतर ‘जाऊ दे पोरी’ म्हणतील. दोन्हीची तयारी मी केली होती. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. थोड्या वेळाने चाक थांबवून म्हणाले, “ते तू ग्रुपवर रस्त्याचं लिहिलंस ना, ते मला नाही आवडलं.”

मी मान खाली घातली.

“रस्ता खराब होताच. ते बरोबर आहे,” काका म्हणाले. “पण तू लिहायला नको होतं.”

मग त्यांनी चाक परत सायकलला बसवलं, मालकाला हाक मारली आणि झोपायला गेले. मला झोप लागली नाही. शेजारी कोणीतरी घोरत होतं, बहुधा कॅप्टन माउली.

दुसऱ्या दिवशी टेंभुर्णीपर्यंत सरळ होतं. तिथे सोलापूर रस्ता सोडून पंढरपूरकडे वळलं की रस्ता दक्षिणेला जातो आणि पाठीवरचा वारा उजव्या बाजूला येतो. करकंबच्या अलीकडे तो असा सुटला, की दोन्ही बाजूंचा ऊस एका अंगाला झोपला. पुढचे लोक ताणले गेले, पांगले, दिसेनासे झाले. काका डुलायला लागले. आडवा वारा जुन्या जखमेला बरोबर सापडतो. मी मागून बघत होते. दर झुळकीला त्यांचा उजवा हात हँडलवर घट्ट व्हायचा.

त्यांनी कोपर झटकलं.

मला आधी वाटलं दुखतंय म्हणून असेल. त्यांनी परत झटकलं आणि वळून ओरडले, “ये की पुढे! वारा दिसत नाही का?”

आडव्या वाऱ्यात सरळ मागे बसून आडोसा मिळत नाही. वारा उजवीकडून येत असेल तर मागच्याने पुढच्याच्या जरा डावीकडे, तिरकं यावं लागतं. त्याचं पुढचं चाक तुमच्या मागच्या चाकाच्या शेजारी येतं, म्हणजे ग्रुपमध्ये एरवी कधीही करायचं नाही नेमकं तेच. पुढचा जरा जरी डावीकडे हलला तर मागचा पडणार. पुढच्याला धक्काही लागत नाही.

मी पुढे झाले, थोडी उजवीकडे. काका डावीकडून आत आले. डोळ्याच्या कोपऱ्यात मला त्यांचं पुढचं चाक दिसत होतं, माझ्या मागच्या चाकाशी, वीतभर अंतरावर. वेग बघितला नाही.

“खड्डा उजवीकडे!” मी ओरडले. “काका, खडी! ... पुढे ब्रेकर! ... डावीकडे काच! ... सायकलवाला! ... शेण!”

मला भयंकर धाप लागली होती. वाक्याच्या मध्ये श्वास तुटत होता, आवाज चिरकत होता, आणि ते सगळं एका वीतभर अंतरावर माणसाला ऐकू जात होतं.

“पाला! ... ओला आहे! ... पुढे बाटली, चपटी!”

“अगं ए,” मागून काका ओरडले, “पाला नको सांगूस! पाल्याने कोण पडतंय!”